खडू मालकाने लावायचा

४ तारीख, सोमवार

सकाळी दुकान उघडायला गेलो तर पायरीवर एक बाई बसलेल्या आणि शेजारी गोणपाटात गुंडाळलेला इंजिनाचा लांबलचक क्रँक. हातगाडीवाला तो तिथेच टाकून पसार झाला होता. "क्रँक असा आडवा टाकून ठेवायचा नसतो, वाकतो," हे माझं पहिलं वाक्य. नमस्कार नाही, चमत्कार नाही. बाई उठल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "मग उभा करू या. धरा त्या टोकाला." आणि दुसरं टोक उचललं की! शेजारच्या टपरीवरून आमचा लेथवरचा टर्नर बघत होता. त्याचा चहा कपातच निवला.

नदीवर माल वाहणारी एक जुनी लाँच आहे, ती ह्यांची. पूर्वी नवरा-बायको मिळून चालवायचे, तो वारल्यापासून ह्या आणि एक म्हातारा सुकाणूवाला. परवा आपल्या धक्क्याजवळ इंजिनातून ठोके यायला लागले, तेलाचा दाब पडला. बाईंनी शहाणपणा केला, लगेच बंद केलं. धक्क्यावरच्या मेकॅनिकने इंजिन खोललं, क्रँक काढून दिला आणि क्रँक घासणारा म्हणून माझा पत्ता सांगितला. ह्या इंजिनाची कंपनी कधीच बंद पडलीय. नवा क्रँक मिळत नाही. आहे तो जगवायचा, नाहीतर इंजिन भंगारात.

"आधी धुऊन, मोजून बघतो. मग किती दिवस लागतील ते सांगतो," मी म्हटलं.

"सावकाश होऊ द्या. घाई नाही."

असं म्हणणारं गिऱ्हाईक आजवर पाहिलेलं नाही. बाकी सगळे काल दिलं असतं तर बरं झालं असतं अशा तोंडाने येतात.

५ तारीख, मंगळवार

क्रँक धुतला, लोखंडी घोड्यांवर आडवा ठेवून फिरवून पाहिला. वाक नगण्य. झीज मात्र भरपूर आहे. बाई सकाळीच आल्या आणि स्टूल ओढून बसल्या. गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं मला खपत नाही, पण ह्या मध्ये मध्ये बोलत नाहीत. विचारतात ते मुद्द्याचं.

त्यांना समजावलं. बेअरिंग ज्या गोल जागांवर, म्हणजे पिनांवर, फिरतं त्या झिजून लंबगोल होतात. त्या घासून पुन्हा गोल करायच्या, आणि जेवढं घासलं तेवढं जाड बेअरिंग घालायचं. असं चारदा करता येतं. त्यांचा तीनदा झालाय.

"म्हणजे ही शेवटची खेप?"

"शेवटची. पण काळजी करू नका. मी घासलेला क्रँक वर्षानुवर्षं बघायला लागत नाही."

हे जरा कॉलर ताठ करूनच बोललो. टर्नर लेथमागे उगाचच खोकला.

बाईंनी मायक्रोमीटर हातात घेऊन बघू का विचारलं. माझा मायक्रोमीटर मी कोणाला देत नाही. आज दिला. पहिल्यांदा त्यांनी बरणीचं झाकण लावावं तसा आवळला. "चिमटीत धरायचा. तो स्वतःच खट् म्हणतो, तिथे थांबायचं," असं सांगितलं. दुसऱ्या खेपेला माप बरोबर आलं, माझ्या मापाशी तंतोतंत. त्यांच्या तळहातांना दोरखंडाचे घट्टे आहेत, आणि तरी बोटं इतकी हलकी. हे लिहायची काय गरज होती? असो, लिहिलं.

७ तारीख, गुरुवार

अक्का जेवताना म्हणाली, "इस्त्रीचा शर्ट? कोणाचं लग्न आहे?"

"दुसरे धुवायला पडलेत."

"मीच धुते ते. एकही पडलेला नाही."

थोरली बहीण घरात असणं म्हणजे कायमची उलटतपासणी. माझं लग्न राहूनच गेलं, दुकानाचं रंगकाम राहून गेलं तसं. आधी वडिलांचं आजारपण, मग दुकान, मग अक्का सासरहून परत आली. मग एक दिवस लोकांनी विचारणंच सोडून दिलं. वाईट कधी वाटलं नाही. म्हणजे रोज वाटलं नाही.

अक्का हल्ली स्वतः दुकानात चहा घेऊन येते. म्हणे थर्मास गळतोय. मी तपासला. ठणठणीत आहे.

८ तारीख, शुक्रवार

आज तडा तपासला. आमच्या दुकानाची रीत आहे, वस्तादांनी घालून दिलेली. खडू मालकाने लावायचा. आपण लावला तर उद्या गिऱ्हाईक म्हणणार, मिस्त्रीनेच काहीतरी केलं. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवलेला क्रँक कोरडा पुसायचा आणि मालकाने आपल्या हाताने त्यावर खडूची पूड फासायची. कुठे तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल झिरपतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. मालकाच्या डोळ्यांदेखत. मग भांडण नाही.

त्याआधी क्रँक टांगून लाकडी हातोडीने वाजवला. आवाज स्वच्छ, लांबवर टिकणारा. म्हटलं चला, सुटलो. बाईंनी पूड फासली. नाकाला, कपाळालाही लागली. थोडा वेळ गेला आणि तिसऱ्या पिनच्या कोपऱ्यात, क्रँक तुटतात ते नेमके जिथून तुटतात तिथे, केसाएवढी रेघ उमटली.

"आली बघा," बाई म्हणाल्या. आवाज कापत होता पण चेहरा हसरा वाटला. भीतीने माणसं हसतात. आमचे वडील दवाखान्यात हसायचे.

"म्हणजे संपलं?"

"एवढ्यात नाही. रेघ वरवरची असू शकते. पहिला हात घासून बघू. गेली तर क्रँक वाचला."

"राहू द्या हो मिस्त्री. उगाच कशाला एवढा खटाटोप?"

किती भिडस्त बाई! स्वतःचं इंजिन मरणाच्या दारात आणि त्यांना माझ्या कष्टांची पडलीय. मी म्हटलं, "तुमच्यासाठी खटाटोप कसला!" आणि कान तापले. बाई खडूचे हात पुसत बसल्या, हात स्वच्छ झाले तरी पुसत होत्या.

त्या गेल्यावर टर्नर जवळ आला. "अशी रेघ दिसली की आपण क्रँक परत देतो. मागे एका ट्रकवाल्याला तू तोंडावर नाही म्हणालास."

"हा वेगळा आहे."

"कोण, क्रँक?"

मी ग्राइंडर चालू केला. त्या आवाजात काही ऐकू येत नाही हा त्याचा मोठा फायदा.

९ तारीख, शनिवार

बाईंनी अक्काला घरातली वरची खोली दाखवायला सांगितली. रिकामीच असते ती. दोघी बराच वेळ वर होत्या. अक्का सांगत होती, बाईंनी भिंतींना हात लावून पाहिले, कपाट उघडून पाहिलं, मग विचारलं, "इथून नदी दिसते का?" अक्का म्हणाली, "नाही हो, समोरची भिंतच दिसते." तर म्हणाल्या, "बरं आहे."

बिचाऱ्यांची निराशा झाली असणार, पण बोलून दाखवलं नाही. लाँचवरचं सामान ठेवायला जागा हवी असेल. अक्काला म्हटलं, सामानच ठेवायचं तर दुकानामागची शेड जास्त सोयीची. अक्का माझ्याकडे अशी बघत राहिली की मी बटणं तपासली.

१० तारीख, रविवार

दुकान बंद. फिरायला म्हणून निघालो, पाय आपोआप धक्क्यावर गेले. बाई डेकवर दोरी गुंडाळत होत्या. "या," म्हणाल्या, जणू वाटच बघत होत्या. आत केबिनमध्ये नेलं, चहा केला. लाँचवर सगळं बांधलेलं असतं. कप खुंटीला, डबे फळीच्या आडपट्टीमागे, घड्याळ चार स्क्रूंनी भिंतीला.

सुकाणूवाला मुलीकडे गेलाय. निरोप पाठवला तर येईन म्हणालाय, पण बाईंच्या मते त्याचं मन आता पाण्यात नाही. "वय झालं त्याचं. मीच त्याला ओढत नेते," म्हणाल्या. मग हातातला कप बघत बोलल्या, "कधीतरी वाटतं, एखादी वस्तू नुसती ठेवावी. बांधून नाही. टेबलावर ठेवली की सकाळी तिथेच."

मी टेबल नीट पाहिलं. म्हटलं, "ह्याला चारही बाजूंनी बोटभर उंच पट्टी मारून देतो. कितीही हललं तरी काही पडणार नाही."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या. "द्या मारून."

येताना मन हलकं होतं. त्यांच्या उपयोगाचं आणखी एक काम मिळालं.

११ तारीख, सोमवार

आज ग्राइंडरचं चाक उतरवून त्याची धार करत बसलो. हात कामात होते, डोकं भलतीकडेच.

आता लिहूनच टाकतो. त्या इथे राहाव्यात असं मला वाटतं. सकाळी स्टूल रिकामं असलं की मी ते उगाच दोनदा पुसतो. पायऱ्यांवर कोणाचंही पाऊल वाजलं तरी मी मान वर करतो, आणि बेअरिंगवाला आत आला की त्या बिचाऱ्यावर डाफरतो. पन्नाशी उलटल्यावर हे असं होत असेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि माझ्या हातात आहे. उद्या घासायच्या आधीच म्हटलं, बाई, तडा आहे, नाही होणार, तर कोणी विचारणार नाही. टर्नर तर म्हणतोच आहे. रेघ त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीय. इंजिन गेलं की लाँच विकावी लागेल, लाँच गेली की त्या जाणार कुठे? इथेच. दिवसभर हे मनात घोळवलं. गोड लागलं, खोटं कशाला बोलू?

पण मग त्या अडकलेल्या असतील. राहिलेल्या नाही, अडकलेल्या. रोज समोर दिसतील आणि रोज मला आठवेल की मी त्यांचं चालतं इंजिन मारलं. त्यापेक्षा स्टूल रिकामं परवडलं.

मग वाटलं, सरळ विचारावं. पण काय विचारणार? एवढी नदी जिच्या पायाखाली आहे तिला म्हणू, की ह्या गल्लीत राहा, समोर भिंत, दिवसभर ग्राइंडरची घरघर, अंगाला कूलंटच्या तेलकट पाण्याचा वास आणि वर अक्काचं तोंड? त्या सभ्य आहेत. हसून नाही म्हणतील, आणि मग उरलेले दिवसही यायच्या नाहीत.

नाही. माझ्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती मला उत्तम येते.

१२ तारीख, मंगळवार

तिसरी पिन घासली. बाई उभ्या होत्या, स्टुलावर बसल्या नाहीत. चाक हळूहळू आत घेतलं, ठिणग्या, पाण्याची धार. थांबवलं, पुसलं. त्या एकाच पिनला तासभर पुन्हा रॉकेल, पुन्हा कोरडं, आणि खडूचा डबा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी पूड फासली. वाट बघितली. पांढरं ते पांढरंच.

"मी नीट लावला नसेल," म्हणाल्या. पुसून परत फासला. काही नाही. मग मला म्हणाल्या, "रॉकेल अजून वर आलं नसेल, नाही का? थांबू या." थांबलो. टर्नर जेवून आला तरी आम्ही थांबलेलो. शेवटी त्यांनी भिंग मागितलं, कोपरा न् कोपरा पाहिला, आणि तिसऱ्यांदा खडू लावला.

असं काटेकोर गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं. मी म्हटलं, "बाई, रेघ गेली. वरवरची होती. क्रँक धडधाकट आहे. तुमची लाँच चालणार!"

त्यांनी भिंग हळूच खाली ठेवलं. डोळ्यांत पाणी होतं. आनंदाने माणसाची वाचा जाते ती अशी.

"तुम्हाला खात्री आहे?" एवढंच विचारलं.

"शंभर टक्के."

"तुमचं कधी चुकत नाही का हो मिस्त्री?"

"क्रँकच्या बाबतीत नाही," मी म्हटलं.

मग त्या गेल्या. डबा मीच बंद केला. घरी येऊन अक्काला सगळं सांगितलं. तिने दोन्ही हात कपाळाला लावले. म्हटलं, अगं रडतेस काय, वाचला तो. तर म्हणाली, "तो तेवढा वाचला रे."

१४ तारीख, गुरुवार

बाई काल आल्या नाहीत, आजही नाहीत. निरोप पाठवून सुकाणूवाल्याला बोलावून घेतलंय असं मेकॅनिककडून कळलं. काल धक्क्यावर जाऊन टेबलाला पट्टी मारून आलो. त्या बाजारात गेल्या होत्या. रिकाम्या केबिनमध्ये खिळे ठोकताना चोरासारखं वाटलं.

बाकीच्या सगळ्या पिना आज पुऱ्या केल्या. असं काम मी कोणाला केलेलं नाही. माप वरच्या टोकाला ठेवलंय, म्हणजे झिजायला जास्तीत जास्त जागा राहील. कोपऱ्यातली गोलाई चाकावर पुन्हा पुन्हा उतरवून घेतली. तेलाच्या भोकांच्या कडा दगडी कांडीने हाताने मऊ केल्या. हे कोणी बघत नाही, कोणी पैसेही देत नाही, पण बेअरिंगला ते कळतं. पॉलिश करताना मनात एकच होतं, की नदीच्या मध्यावर, वाऱ्यावादळात, एकट्या असताना, ह्या इंजिनाने त्यांना दगा देऊ नये. त्या जिथे कुठे असतील तिथे माझं हे काम त्यांच्या पायाखाली फिरत असेल. तेवढं पुरे आहे, असं स्वतःला सांगतोय.

पुरे नाही.

१६ तारीख, शनिवार

क्रँक न्यायला बाई आल्या. मी तेल लावून, कागदात गुंडाळून उभा ठेवला होता. त्यांनी कागद थोडा सोडला आणि तिसऱ्या पिनवरून बोट फिरवलं. हळूच, दोनदा.

"किती गुळगुळीत आहे. हे सगळं माझ्यासाठी?"

"क्रँकसाठी," मी म्हणालो.

असं का म्हणालो कोण जाणे. तोंडातून निघून गेलं. हो म्हणायला काय जीभ झडली असती? त्यांनी कागद परत नीट गुंडाळला, कोपरे दुमडले. हातगाडी आली. ह्या वेळी टर्नरने दुसरं टोक धरलं.

१९ तारीख, मंगळवार

इंजिन बांधून झालं. चालू करताना मी असावं असा बाईंचा निरोप होता. मेकॅनिकने हँडल मारलं, दुसऱ्याच फेऱ्याला पेटलं. तेलाचा दाब झटकन वर. मी लाकडी दांडी इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं आणि एकेक बेअरिंग ऐकत गेलो. बाई समोर उभ्या. सुकाणूवाला बाहेर दोर तपासत होता.

"खरं सांगा मिस्त्री," इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून त्या म्हणाल्या. "काही खटकतंय का?"

"काहीच नाही."

"नीट ऐका. घाई करू नका. तुम्हाला काही वाटत असेल तर आत्ता सांगा. मग मी निघाले की उपयोग नाही."

मी पुन्हा दांडी लावली. त्यांना जीव टांगणीला लावून जावं लागू नये म्हणून अगदी शेवटच्या बेअरिंगपर्यंत गेलो. "बाई, माझ्यावर विश्वास ठेवा. अगदी नव्यासारखं आहे. बिनधास्त जा."

त्यांनी मान हलवली. इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की पाण्याचा आवाज यायला लागला. "मग निघते सकाळी," म्हणाल्या.

घरी अक्काने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, आवाज एकदम सुरेख, निघतायत सकाळी. ती म्हणाली, "तू तिला राहा म्हणालास का?" म्हटलं, असं कसं म्हणणार, त्यांना जायचंय. "तिने सांगितलं तुला जायचंय म्हणून?" मी आठवून पाहिलं. तसं सांगितलं नव्हतं, पण ज्याची लाँच आहे तो जाणारच ना. अक्काने ताट पुढ्यात आदळलं आणि उठून गेली. तिला कधी काय होईल सांगता येत नाही.

२० तारीख, बुधवार

मी धक्क्यावर पोचलो तेव्हा इंजिन चालू होतं. बाई डेकवर होत्या. शेवटचा दोर माझ्या बाजूच्या खुंटाला होता. त्या म्हणाल्या, "सोडा, मिस्त्री." मी दोर हातात धरला. त्या बघत होत्या. मीही बघत होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही, सुकाणूवाल्याने मात्र शेवटी वळून पाहिलं.

सोडला.

लाँच मध्यावर गेली, वळणाशी लहान झाली, मग दिसेनाशी झाली. आवाज अजून येत होता. मी तिथेच उभा राहून कान देऊन ऐकत होतो. देवा, कुठेतरी खडखड होऊ दे, म्हणत होतो. एक बेअरिंग तापू दे, दाब पडू दे, काहीतरी होऊ दे की त्यांना मागे फिरावं लागेल. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम बिघडावं असं मागत होतो, आणि आवाज तसाच, एकसारखा, स्वच्छ, लांब लांब जात होता. कुठेही काही चुकलं नव्हतं.